कागदाचं नाव

पहूरहून मी बातम्या पाठवायला लागलो तेव्हा त्या पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरच्या हाती जळगावला जायच्या. गावाला ग्रामपंचायती दोन, पेठ आणि कसबे. पण दप्तर बघायला मिळणं ही सगळीकडे मर्जीची बाब. २००३मध्ये राज्याचा माहिती अधिकार कायदा आला, २००५मध्ये केंद्राचा. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून कुणीही मागू लागलं.

पुढे पत्रकारिता शिकवू लागलो. मुलं प्रश्न झकास विचारतात, आणि अर्ज नेमका तिथंच फसतो. ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ याचं उत्तर कुठल्याच फायलीत नसतं. जन माहिती अधिकाऱ्यानं असलेला कागद द्यायचा, खुलासे करायचे नाहीत. म्हणून कागद नावानं मागावा लागतो: प्राकलन, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, बिल. २०१२पासून आपल्या राज्यात अर्जाला दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे. नागरिक म्हणून मला ती जाचक वाटते. मास्तर म्हणून फार सोयीची.

एकदा एका गावातला गल्लीचा काँक्रीट रस्ता वर्गानं घेतला. पातळ टाकलाय, अशी गावभर बोलवा. मोजमाप पुस्तिका, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘एमबी’, हाती आली. लांबी-रुंदी टेपनं जुळली. पण जाडी कशी मोजणार? एका मुलीनं नळाच्या जोडणीसाठी फोडलेली कड हुडकली आणि तिथं टेप उभा धरला. पंधरा सेंटिमीटर. एमबीच्या रकान्यात ०.१५ मीटर. पोरं हिरमुसली. “सर, घोटाळाच नाही, मग बातमी कसली?” म्हटलं, हीच लिहा, आणि जाडी एकाच जागी मोजली, हेही लिहा.

बातमीदारानं चळवळीत पडू नये, असं म्हणणाऱ्यांना मी प्रकाश कर्दळ्यांचं नाव सांगतो. पुण्यात इंडियन एक्सप्रेसचे संपादक राहिलेल्या या माणसानं २००७मध्ये जाईपर्यंत माहिती अधिकाराचा पाठपुरावा सोडला नाही.

माझं संशोधन मात्र रुक्ष. कलम ४ प्रमाणे कार्यालयांनी सतरा बाबी स्वतःहून जाहीर करायच्या असतात. त्या केल्यात का, ते पाहायचं. मुलांना बाहेरचा फलक वाचायला धाडतो. त्यावर बदलून गेलेल्या साहेबांचं नाव दिसलं, की आत काय मिळेल याचा अंदाज येतो.

आता २०२३च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललंय. वैयक्तिक माहिती नाकारताना पूर्वी ज्या अटी आड यायच्या, त्या कलमातून गेल्या. व्यापक जनहिताचं कलम ८(२) शिल्लक आहे, पण ते जनहित बहुधा अर्जदारालाच पटवून द्यावं लागतं. रोजगार हमीच्या हजेरीपटावर मजुरांची नावं असतात; बोगस मजूर सापडतो तो त्या नावांवरूनच. नव्या वर्गाला पहिला अर्ज हजेरीपटाचाच लिहायला सांगणार आहे, आणि सोबत पहिल्या अपिलाचा मसुदाही.