कासवाची ऊब

शीळफाट्यावर राहणाऱ्या माणसाने ऊब या विषयावर लिहावे, यात थोडा विनोदच आहे. कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महापे अशा चारी दिशांनी आलेले ट्रक आमच्या खिडकीखाली एकमेकांची वाट अडवून तासन् तास गुरगुरत उभे असतात; त्यांच्या धगीवरच आमचा निम्मा हिवाळा निघतो. तरीही २०२३ च्या जानेवारीत एका प्राण्याला थंडी वाजते म्हणून मी विजेचा खटाटोप केला, आणि तो जवळजवळ नातवाच्या जिवावर बेतला.

प्राणी म्हणजे कासव. पाठीवर चांदण्या असलेले आपल्याकडचे कासव घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हे त्यातले नव्हे. हे मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातले, डोळ्यांमागे तांबडा पट्टा असलेले. मुलाने आणले तेव्हा नाण्याहून थोडे मोठे होते. ते ताटलीएवढे वाढते आणि वीस-तीस वर्षे सहज जगते, हे दुकानदाराने सांगितले नव्हते. नातवाने त्याचे नाव ‘मास्तर’ ठेवले. मी उभा जन्म शाळेत शिकवले, तेव्हा यात काही हेतू असावा.

डिसेंबर सरता सरता मास्तरांनी अन्न सोडले. या जातीला आपण थंड रक्ताची म्हणतो, ते काही खरे नाही. रक्त थंड नसते. त्याची ऊब उसनी असते. आपण घास जाळून अंग तापवतो, कासवाला घास पचवायलासुद्धा आधी ऊन खावे लागते. ‘ऊन खाणे’ हा आपला शब्दप्रयोग कुणा कासवानेच मराठीला दिला असावा! पण आमचे घर उत्तरेकडे तोंड करून. हिवाळ्यात ऊन आत पाऊल टाकत नाही.

मग मी काचेच्या पेटीवर सुतळीने शंभराचा दिवा टांगला आणि पाण्यात काचेची तापकांडी सोडली. मला गारठा वाटला की दोन्ही चालू. माझ्या अंगावरची शाल हेच माझे तापमापक. कासव दिव्याखाली निपचित पडून राही, मी म्हणे, सुखावले आहे. वास्तविक दिवा फार जवळ असला तर हे प्राणी पुष्कळदा कातडी भाजेपर्यंत जागचे हलत नाहीत, हे मला मागाहून कळले.

एका सकाळी नातू पेटीतले पाणी बदलत होता. कांडी चालूच राहिली होती. पाणी उपसल्यावर ती हवेत तापली, वर गार पाणी पडले आणि काच तडकली. कुणाच्या लक्षात आले नाही. पोराने पाण्यात हात घातला नि म्हणाला, “आजोबा, मुंग्या येताहेत हाताला.” त्याच्या पायांत रबरी चपला होत्या. एवढेच. त्यानंतरचा क्षण मी अजून पुरता आठवू धजत नाही; पिन उपटल्याचे तेवढे आठवते.

वायरमन आला, त्याने टेस्टर लावला, बोर्ड उघडला.

“पण बटण पडलं कसं नाही?” मी विचारले.

“काका, एम.सी.बी. वायर वाचवतो, माणूस नाही.”

त्याने आर.सी.सी.बी. बसवली. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत तीस मिलीअँपिअरचा फरक दिसला की ती निमिषात घर तोडते. पाण्यापाशी वीज न्यायची तर हे आधी हवे होते. मी दिवा आधी घेतला.

नवी मांडणी त्यानेच करून दिली. दिवा सुतळीवर नव्हे, पेटीबाहेरच्या पक्क्या पट्टीवर, तारेच्या जाळीत, आणि पेटीच्या एकाच टोकाला. कांडीवर जाळीचे आवरण, तिला थर्मोस्टॅट. वायर सॉकेटच्या खाली झोका देऊन मग वर नेलेली, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले पाणी झोक्याच्या तळाशीच ठिबकते, बोर्डात शिरत नाही. पाण्यात हात घालण्याआधी पिन काढायची, आणि कांडी गार व्हायला वेळ द्यायचा. दुसरे टोक मुद्दाम गार ठेवलेले. कासवाला उबेकडे जसे जाता यावे, तसे उबेपासून दूरही सरकता यावे, हे मला सुचले नव्हते. मुलांच्या अंगावर पांघरुणे टाकतानाही ते मला कधी सुचले नाही, असे सौ. म्हणते.

शेजाऱ्यांनी सल्ला दिला, “खिडकाळीच्या देवळाच्या तळ्यात सोडून द्या. पुण्य लागेल.” देवळात नंदीपुढे दगडी कासव असते, तेव्हा कल्पना गोड होती. पण हे परदेशी कासव तळ्यात गेले तर तिथल्या कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा बळकावते. जगभर त्याची तीच तक्रार आहे. आणलेच आहे, तर ते मलाच सांभाळले पाहिजे.

हल्ली मास्तर सकाळी दगडावर चढतात, मागचे पाय ताणून पसरतात, आणि पुरेसे झाले की गार टोकाला बुडी मारतात. पुन्हा जेवू लागले आहेत. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नातू स्टुलावर चढून आर.सी.सी.बी.चे तपासणीचे बटण दाबतो. खट् होते, सारे घर बंद पडते, आणि स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज येतो, “अरे, माझी चटणी अर्धी राहिली मिक्सरमध्ये!”