फर्मा आणि आकृतिबंध

मर्ढेकरांची लयतत्त्वे मी गेली अठरा वर्षे पदव्युत्तर वर्गात शिकवीत आलो आहे. संवाद, विरोध आणि समतोल या तीन संज्ञा फळ्यावर लिहिल्या की पुढचा तास सुरळीत जातो. साहित्यकृतीचा आकृतिबंध आशयातूनच सिद्ध होतो, तो बाहेरून लादता येत नाही, हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. २०१४ मध्ये माझी एकुलती एक कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून हे वाक्य उच्चारताना माझा आवाज किंचित खाली येतो. विद्यार्थ्यांच्या ते लक्षात येत नसावे.

कादंबरीचा विषय आमच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला टाळता येण्याजोगा नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे नुकती निजली असताना, लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरील भूमी हादरली. मी तेरा वर्षांचा होतो. आमच्या गावात भिंतींना तडे गेले, एवढेच. आत्याचे सासर मात्र तेव्हाच्या उमरगा तालुक्यात, सास्तूरच्या पंचक्रोशीत होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर तोललेले मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरे त्या पहाटे माणसांवर बसली. पुढे गाव नव्या जागी वसले. सरळ रेषेतले रस्ते, सारखी घरे, घरांवर क्रमांक. आत्याला त्या गावात पहिली दोन वर्षे स्वतःचे घर सापडत नसे.

माझ्या हस्तलिखितातला सर्वांत दीर्घ भाग या आत्याचा होता. त्यात कथानक असे नव्हतेच. एक वृद्ध स्त्री रात्री झोप लागत नाही म्हणून जुन्या गावाच्या वेशीतून मनाने आत शिरते आणि बोळामागून बोळ, उंबऱ्यामागून उंबरा, कोण कुठे राहत होते ते सांगत जाते. ती कोणासाठी रडत नाही. फक्त घरे मोजते. हा भाग मी तिच्याकडून ऐकून, तिच्याच बोलीत, चार सुट्ट्यांत लिहून काढला होता. कादंबरीचा उरलेला भाग, म्हणजे पुनर्वसनाचे राजकारण, पंचायत, मुंबईहून परतलेला मुलगा इत्यादी, हा या भागाभोवती रचलेला होता.

हस्तलिखित तीन ठिकाणांहून परत आले. दोन ठिकाणांहून तर ते पत्रावाचून आले. तिसऱ्या प्रकाशकाने ते आवर्जून वाचले आणि मनापासून पसंतही केले, हे प्रथम नमूद केले पाहिजे. त्यांच्या पत्रात मात्र एक वाक्य होते : अक्षरजुळणीचा अंदाज सतरा फर्म्यांचा आहे, पुस्तक बारा फर्म्यांत बसले पाहिजे. डेमी आकारात सोळा पृष्ठांचा एक फर्मा. म्हणजे दोनशे बहात्तर पृष्ठांची एकशे ब्याण्णव करायची. पाचशे प्रतींची आवृत्ती, अपरिचित लेखक, कागदाचा भाव, ग्रंथालयांना परवडेल अशी किंमत; त्यांच्या हिशेबात खोट काढता येत नव्हती. शिवाय दोनशे प्रती मी स्वतः सवलतीच्या दराने उचलायच्या होत्या. त्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले. साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानासाठी मी अर्ज केला नव्हता, पीएच.डी. झालेल्या प्राध्यापकाने नवलेखक म्हणवून घ्यावे कसे, असा तो अहंकार होता, आणि तो बराच महागात पडला.

ऐंशी पृष्ठे कोठून काढायची? राजकारणाच्या भागातून काढावीत तर प्रसंगांचे धागे तुटत होते. आत्याच्या भागाला धागाच नव्हता, त्यामुळे तो कोठेही कापला तरी काही तुटल्यासारखे दिसत नव्हते. अखेर मी तो सबंध काढला. त्याच्या जागी एक परिच्छेद लिहिला : म्हातारी ओट्यावर बसून आहे आणि काही बोलत नाही.

कादंबरीची दोन परीक्षणे आली. एका परीक्षणकर्त्याने म्हातारीच्या या मौनाचे विशेष कौतुक केले. आपत्तीला शब्दांत पकडण्याचा मोह लेखकाने टाळला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २०१७ मध्ये एम.फिल. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधात या मौनावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. तत्पूर्वी ती मुलाखतीसाठी घरी आली होती. त्या परिच्छेदामागची आपली भूमिका काय, असे तिने विचारले. ज्या दिवाणावर ती बसली होती त्याच्याखाली कादंबरीच्या एकशे तीसेक प्रती होत्या, आणि कपाटात कापलेला भाग. मी म्हणालो, काही अनुभवांना भाषा अपुरी पडते. तिने ते लिहून घेतले. अवतरणचिन्हांत ते आज एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

ही गोष्ट मी आजवर कोठे लिहिली नव्हती. ती लिहिताना माझ्याच प्रबंधाची आठवण होते. मराठवाड्यातील ग्रामीण कथेवरचा तो प्रबंध २००९ मध्ये मान्य झाला. आमच्याच जिल्ह्यातील, कळंब तालुक्यातल्या हासेगावच्या भास्कर चंदनशिवांच्या ‘जांभळढव्ह’ (१९८०) या संग्रहापासून पुढच्या कथाकारांपर्यंत, या कथेच्या आटोपशीरपणाला मी ‘दुष्काळी काटकसर’ असे नाव दिले होते. संज्ञा परीक्षकांना आवडली. त्यांपैकी किती कथा लेखकाने त्या लांबीच्या लिहिल्या होत्या आणि किती दिवाळी अंकाच्या पानांनी तेवढ्या केल्या, याची मी चौकशी केली नाही. लेखक हयात होते, पत्रव्यवहार मिळण्यासारखा होता. पण मला तो संहितेबाहेरचा प्रश्न वाटला. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले याचा उल्लेख प्रबंधात आहे, तो तळटीपेत.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ची लांबी आपण वास्तववादाच्या खात्यावर जमा करतो. ती कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली, आणि ‘करमणूक’चे संपादक स्वतः हरिभाऊच होते. यमूला सांगायचे तेवढे सांगू देण्याची सोय त्यांच्या हाती होती. यावरून कादंबरीचे मोल कमी होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण यमूचे सविस्तर बोलणे आणि माझ्या म्हातारीचे गप्प बसणे यांची तुलना उद्या कोणी निवेदनमीमांसेच्या परिभाषेत करू लागला, तर त्यात कोठेतरी छापखान्याचा उल्लेख यावा, एवढीच अपेक्षा आहे. कापलेला प्रत्येक मजकूर चांगलाच असतो असेही नाही. माझ्या पंचायतीच्या प्रकरणातून आणखी वीस पाने गेली असती तर कादंबरी सुधारली असती.

आता पन्नास प्रतींचीही छपाई होऊ शकते. दुसऱ्या एका प्रकाशकाने संपूर्ण संहिता काढण्याची तयारी दाखवली आहे. परंतु तसे केल्यास त्या विद्यार्थिनीच्या प्रकरणाचे काय होईल, हा प्रश्न मला छळतो. शिवाय प्रस्तावनेत खरे कारण लिहावे लागेल. हा लेख त्या प्रस्तावनेची पूर्वतयारी आहे असे कोणी म्हटले तर मी नाकारणार नाही.

पुस्तक निघाले तेव्हा पहिली प्रत मी आत्याला नेऊन दिली होती. तिला वाचता येत नाही. नातीने दोन दिवस वाचून दाखवले. पुढच्या खेपेला ती म्हणाली, ‘‘समदं चांगलं हाय बाबा. पर म्या सांगितलेलं गाव कुठं हाय ह्यात?’’ मी फर्म्याचा हिशेब सांगू लागलो, आणि तिने चहा ठेवायला सांगितला.

गेल्या दिवाळीत कपाटातला तो भाग घेऊन मी तिच्याकडे गेलो आणि ऐंशी पृष्ठे तीन संध्याकाळी वाचून दाखवली. ती डोळे मिटून ऐकत होती. दोन ठिकाणी तिने मला थांबवले. कुंभाराच्या बोळातला आड पाराच्या पुढे होता, मागे नव्हे. आणि सुताराच्या घराशेजारी मी एक घर गाळले होते. त्या घरात कोण राहत होते ते तिने सांगितले. मी समासात लिहून घेतले आहे.