काळ्या तोंडाचा फोटो

मोबाईल आपल्याला गोरं करतो. न विचारता. फोटो काढला की कातडी उजळ, सुरकुत्या गायब. म्हणून बोनस आणि भिशीचे पैसे घालून खिशात मावणारा कॅमेरा घेतला. सूतगिरणीतले दोस्त म्हणाले, येड लागलंय. लागू दे.

सुट्टीच्या दिवशी इचलकरंजीहून भाड्याची गाडी केली. आम्ही आठजण नि माझी आई. आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला पोचेस्तोवर दुपार कलली. दोस्त देवळाकडं गेले. इथं डोंगरच देव, प्रदक्षिणा डोंगराला. आई म्हणाली, "जावा रं तुमी. मी दर्या बघते." मागाच्या शेडात कांड्या भरण्यात तिची तीस वर्षं गेली. समुद्र पहिल्यांदाच.

पाण्याकडं पाठ करून तिला उभी केली. खटका दाबला. मागं पाण्याची चांदी, आभाळ झकास, आणि आईच्या जागी काळा डाग.

"मी कुटं हाय ह्यात?"

कॅमेऱ्याचं डोकं सरासरीचं. समोरचा सगळा उजेड मोजतो. वाळू चकाकते, पाणी चकाकतं, म्हणून तो उजेड कमी घेतो. मधला सावळा माणूस बुडतो. साधं गणित आहे, पण गणित कुणीतरी मांडलेलं असतंय. अमेरिकेत 1950 च्या दशकापासून कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या लॅबना एका गोऱ्या बाईचं कार्ड पाठवायची. शर्ली कार्ड. तिची कातडी बरोबर उठली की रंग बरोबर. पुढं लाकडी फर्निचरवाले नि चॉकलेटवाले बोंबलले, आमच्या मालाच्या तपकिरी छटा उठत न्हाईत. तेव्हा फिल्म सुधारली. त्याच कंपनीत काम केलेल्या माणसानं हे सांगितलंय. लाकडासाठी केलं, माणसासाठी न्हाय.

किनारा पश्चिमेचा. दुपारनंतर सूर्य समुद्राच्या अंगाला. सकाळी आलो असतो तर समुद्रही आला असता नि तोंडही. आता फ्लॅश चालू केला, भर उन्हात. बघे हसले. उजेडाचा आकडा एकानं वाढवला. पाणी पांढरं फट्ट पडलं, पडू दे. आई दिसली. कपाळावरचं गोंदण, डोळ्याखालचं काळं, सगळं.

परतताना मालगुंडला थांबलो, दोनेक किलोमीटरवर. 1866 सालचा केशवसुतांचा जन्म इथला. जुनं घर राखलंय, 1994 पासून स्मारक आहे. शाळेत आम्हाला त्यांची तुतारी तेवढी ऐकवली. 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' आणि 'मजुरावर उपासमारीची पाळी' ह्यांनीच लिहिलंय, हे मला गिरणीत लागल्यावर रद्दीतल्या पुस्तकात कळलं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "ह्यो बामण आपल्यावर लिवलाय?"

"व्हय."

"मग ह्येच्या दारात काढ एक."

आणि पायरीच्या खाली उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं.

"वर चढ की."

चढली. पदर सारखा केला. हसली मात्र न्हाय.

गावात आल्यावर प्रिंट काढायला गेलो. दुकानदारानं पडद्यावर फोटो मोठा केला, आईच्या तोंडावर बाण नेला नि विचारलं, "जरा उजळ करू?"

नको म्हणालो.