चक्र आणि दीप

आमच्या देवघरातील पितळी डब्यात, सहाणेशेजारी, एक जुने नाणे असे. पोर्तुगीज अमलातील तो एस्कुदो. त्यावरील ढालीत एक दातेरी चक्र कोरलेले. बालपणी ते श्रीविष्णूचे सुदर्शनच, असे आम्ही निःशंकपणे मानीत असू. एका एकादशीस त्यावर तुळशीपत्रही वाहिले होते. आजीने ते पाहिले, हसली, बोलली मात्र काही नाही.

पुढे इतिहास वाचू लागलो, तेव्हा त्या चक्राचा उलगडा झाला. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसो द आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवे जिंकले. तो दिवस संत कातारीनाच्या सणाचा. म्हणून ती नगराची संरक्षक ठरली, तिचे चक्र नगरमुद्रेत आले आणि १९३५ साली पोर्तुगीज हिंदुस्थानच्या राजचिन्हातही विराजमान झाले. म्हणजे आम्ही तुळस वाहिली ती पारतंत्र्याच्या तिथीला! मन खट्टू झाले. नाणे फेकून द्यावे, असे आजीपाशी बोललो. ती म्हणाली, “पुता, चाकाचो कसलो गुन्यांव?”

त्या प्रश्नाने आम्हांस कातारीनाची कथा वाचावयास लावले. आलेक्सांद्रियाची ही विदुषी कन्या आपला धर्म सोडीना, म्हणून तिला चक्रावर छिन्नभिन्न करण्याची आज्ञा झाली. आख्यायिका सांगते की तिचा स्पर्श होताच चक्रच मोडून पडले. अखेर तिचा शिरच्छेद करावा लागला. श्रद्धेपायी छळल्या गेलेल्या जीवाचे ते चिन्ह! आणि ते मिरविणाऱ्यांच्याच राज्यात, सोळाव्या शतकात, आमच्या पूर्वजांना वेर्ण्याची महालसा म्हार्दोळास न्यावी लागली. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा यांनाही गाव सोडावे लागले. आपल्याच मुद्रेवरील कथा त्या सत्ताधीशांनी नीट वाचली असती तर!

१९ डिसेंबर १९६१ रोजी ती सत्ता गेली. आज गोवा राज्याच्या चिन्हात वृक्षदीप आहे आणि त्याभोवती, सर्वांचे कल्याण होवो, कोणाच्याही वाट्यास दुःख न येवो, अशा अर्थाचे संस्कृत वचन आहे. म्हार्दोळास महालसेपुढील पितळी दीपस्तंभ उजळलेला पाहिला, की या चिन्हाचा अर्थ आम्हांस कोणाला विचारावा लागत नाही.

नाणे मात्र अजून त्याच डब्यात आहे. आता त्यावर आम्ही तुळस वाहत नाही. पण देवघर पुसताना तेही पुसून ठेवतो.