गेली बारा वर्षे

निरोप घेताना मराठी माणूस 'येतो' म्हणतो आणि निघून जातो. आईची हाक ऐकून अंगणात खेळणारा मुलगा 'आलो, आलो!' असे ओरडतो. वास्तविक तो अजून आलेला नसतो, हातातली विटीही त्याने खाली ठेवलेली नसते. क्रियापद मात्र पुढे धावत केव्हाच घरात जाऊन पोहोचलेले असते! 'पाऊस आला की छत्री उघडू' या वाक्यातला पाऊस तर अजून यायचाच आहे. 'परवा' या शब्दाची आणखीच गंमत. मामा परवा आला आणि मामा परवा येईल. सरलेला दिवस व यायचा दिवस, दोहोंना नाव एकच. त्यांतला कोणता परवा, हे क्रियापदावरून कळते आणि घरात कोणाचाही गोंधळ होत नाही.

ही सवय घेऊन मुले इंग्रजी शिकू लागतात, तेव्हा मात्र त्यांची पंचाईत होते. हाकेला ओ देताना 'आय केम' म्हणून भागत नाही. तेथे 'आय ॲम कमिंग' असेच म्हणावे लागते. पावसाच्या वाक्यात मराठीला भूतकाळ चालतो, इंग्रजीला वर्तमानकाळ लागतो. 'आय हॅव सीन' या पूर्ण वर्तमानकाळाच्या शेजारी 'यस्टरडे' हा शब्द बसू शकत नाही. काल म्हटले की 'आय सॉ' हा साधा भूतकाळच हवा. हे नियम पाठ करता येतात; पण त्यांची गरज का, हे पाठांतराने कळतेच असे नाही.

इचलकरंजीच्या एका शाळेत सातवीच्या वर्गाला 'माझे वडील' या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहायच्या होत्या. बाई शाळेत नवीनच आल्या होत्या. एका मुलाने आधी मनाशी मराठीत वाक्य जुळवले : 'माझे वडील गेली बारा वर्षे यंत्रमागावर काम करीत आहेत.' त्यातल्या 'गेली' या शब्दापाशी तो थबकला. वर्षे गेली, म्हणजे काळ भूतच की! त्याने 'वर्क्ड फॉर ट्वेल्व्ह इयर्स' असे लिहिले. एकदा भूतकाळ धरल्यावर मध्येच सोडणे त्याला बरे वाटेना. वडील आमच्यावर माया करीत, रात्री गोष्टी सांगत, असे सारे त्याच काळात उतरले. मागच्या दिवाळीत त्यांनी सायकल शिकवली, हेही लिहून झाले. शेवटची ओळ होती, 'ही वॉज अ गुड मॅन.' एकाही शब्दाचे स्पेलिंग चुकले नव्हते.

वही वाचून बाई गंभीर झाल्या. तास संपल्यावर त्यांनी मुलाला जवळ बोलावले आणि हलक्या आवाजात विचारले, "बाळ, घरी कोण कोण असते?"

"आई, आजी, धाकटी बहीण आणि बाबा."

"बाबा?"

"हो, बाई. या आठवड्यात त्यांची रात्रपाळी आहे. आता घरी झोपले असतील."

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या का हसल्या, हे मुलाला समजेना. मग त्यांनी त्याला त्याच्याच वहीतली ओळ वाचायला लावली. 'वर्क्ड फॉर ट्वेल्व्ह इयर्स' म्हणजे बारा वर्षे काम केले आणि ते संपले. 'ही वॉज अ गुड मॅन' हे तर बहुधा हयात नसलेल्या माणसाविषयी म्हणतात. मुलाचा चेहरा उतरला. घाईघाईने तो म्हणाला, "मग 'इज वर्किंग' लिहितो." मराठीत 'करीत आहेत' असल्यामुळे त्याचे म्हणणे स्वाभाविकच होते, पण तेही पुरेसे नव्हते. काम पूर्वी सुरू झाले आणि आजही चालू आहे, हे दोन्ही एकदम सांगण्यासाठी इंग्रजीत 'हॅज बीन वर्किंग' असा तीन शब्दांचा संसार मांडावा लागतो.

बाईंनी जाता जाता आणखी एक गोष्ट दाखवली. 'सोमवारपासून ताप आहे' आणि 'तीन दिवसांपासून ताप आहे', या दोन्ही ठिकाणी मराठीचे एकच 'पासून' काम करते. इंग्रजी मात्र आरंभ सांगायचा असेल तर 'सिन्स मंडे' म्हणते आणि मुदत सांगायची असेल तर 'फॉर थ्री डेज'. 'सिन्स थ्री डेज' ही चूक मोठ्यांच्या पत्रांतही सर्रास आढळते.

मुलगा तेथेच बाकावर बसला. त्याने 'वर्क्ड' खोडून 'हॅज बीन वर्किंग' लिहिले. 'लव्ह्ड'चे 'लव्ह्ज' झाले, 'टोल्ड'चे 'टेल्स'. 'वॉज' तर त्याने कागद फाटेल इतका जोर देऊन खोडला आणि वर ठळक अक्षरांत 'इज' लिहिले. शेवटी तो सायकलीच्या ओळीकडे वळला, तेव्हा बाईंनी त्याचा हात धरला. सायकल शिकवणे मागच्या दिवाळीतच पुरे झाले होते. तेवढे 'टॉट' त्यांनी तसेच राहू दिले.