आलं आमच्या गावचं पाणी

सकाळी नळाला पाणी आलं की माझी आज्जी एकच वाक्य बोलते, "आलं आमच्या गावचं पाणी." लहानपणी आम्ही भावंडं हसायचो. आम्ही राहतो माधवनगरात, सांगलीला लागून. नळाचं पाणी कृष्णेचं. आज्जीचं माहेर तिकडं पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठी. ते गाव आज नकाशावर नाही, शिवाजीसागर जलाशयाखाली आहे.

आज्जीचं म्हणणं भूगोलाच्या हिशेबानेही खरं आहे, हे मला एम.ए.ला आल्यावर कळलं. कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात सांगलीजवळ कृष्णेत जे पाणी दिसतं, त्यात कोयनेतून सोडलेल्या पाण्याचा वाटा मोठा असतो. 2023 साली पाऊस कमी झाला, धरणातून पाणी सोडायला उशीर झाला आणि ऐन दिवाळीच्या सुमारास सांगलीत नदीचं पात्र उघडं पडलं. तेव्हा शहराला आठवलं की आपण कुणाच्या धरणावर जगतो. धरणासाठी कोण उठलं, हे मात्र तेव्हाही कुणी विचारलं नाही.

दरवर्षी 14 एप्रिलला आपल्या ग्रुपवर एक पोस्ट फिरते : "भारतातील सर्व धरणांचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर". त्यात कोयनेचाही फोटो असतो. दोन वर्षांपूर्वी मी ती अभिमानाने आज्जीला वाचून दाखवली. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबासाहेबांनी बांधलं व्हय गं? मग आमच्या बापाला जमीन का न्हाय मिळाली?"

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

आधी पोस्टमधली चूक. 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज त्यांच्या खात्यात होती. दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांच्या योजना, 1945 साली स्थापन झालेला केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग, एकेका प्रांताऐवजी अख्ख्या नदीखोऱ्याचा विचार, हे त्यांचं काम आहे आणि ते पाठ्यपुस्तकांनी दडवलं, हेही खरं. पण कोयनेची पायाभरणी 1954 ची. तोवर बाबासाहेब केंद्रीय मंत्रिमंडळातूनही बाहेर पडून दोन वर्षं उलटली होती. कोयना मुंबई राज्याच्या सरकारची. खोट्या श्रेयाने बाबासाहेब मोठे होत नाहीत. उलट त्या सरकारने केलेल्या अन्यायाची जबाबदारी आपण आपल्याच हाताने त्यांच्या नावावर टाकतो.

आता आज्जीचा प्रश्न. कोयनेत शंभराच्या आसपास गावं उठली. महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा आला 1976 साली, म्हणजे धरण भरून दशक उलटल्यावर. त्याआधी हिशेब सातबाऱ्याचा होता. ज्याची जमीन, त्याला मोबदला. आज्जीच्या वडिलांकडे होती ती हाडकी-हाडवळ्याची जमीन, तीही भावकीत वाटलेली. नेमक्या त्याच वर्षांत, 1958 च्या कायद्याने, कनिष्ठ गावकी वतनं रद्द झाली. हा कायदा आपल्याला हवाच होता. बाबासाहेबांनी 1928 सालीच त्यासाठी विधेयक मांडलं होतं. पण वतनाची जमीन पुन्हा स्वतःच्या नावावर करून घ्यायची तर सरकारला पैसे भरायचे होते. एका हाताने जमीन वतनातून सुटत होती आणि दुसरीकडून पाणी चढत होतं. अशा वेळी भरायला पैसे कुठले? आज्जीच्या सांगण्याप्रमाणे यादी करायला आलेल्यांनी वाड्यातल्या बऱ्याच जणांची नावं लिहिलीच नाहीत. तिचे दोन भाऊ मुंबईला गेले, बाकीचे कुठे कुठे पांगले. आज्जी लग्न होऊन इकडे आली होती. आजोबा गिरणीत कामाला होते म्हणून तिचं निभावलं.

कोयनाग्रस्तांची लढाई अजून चालू आहे. श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली 2018 साली लोक कोयनानगरला पुन्हा ठिय्या देऊन बसले होते. तिथे खातेदारासोबत बिनजमिनीचा माणूसही मोजला जावा, हा आग्रह आपण धरायला हवा. कामानिमित्त मी पुनर्वसित वसाहतींत जाते. गाव नवं, रस्ते आखलेले, प्लॉटला नंबर. आणि बौद्धवाडा पुन्हा कडेलाच. जुनं गाव बुडालं, पण त्याचा आराखडा कोरडाच राहिला.

आणि पाणी जातं कुठं? धरणाची क्षमता 105.25 टीएमसी. त्यातलं 67.5 टीएमसीपर्यंत पाणी कृष्णा लवादाच्या निवाड्यानुसार पश्चिमेला वळवता येतं. ते बोगद्यांतून खाली उतरून वीज तयार करतं, वाशिष्ठीला मिळतं आणि अरबी समुद्रात जातं. उरलेल्यावर शेती, टेंभू-ताकारीच्या उपसा योजना आणि आमचे नळ. वीज नको असं मी म्हणत नाही. बाबासाहेबांनाही वीज हवी होती, उद्योगांसाठी आणि गावगाड्यातून सुटण्यासाठी.

धरणाबद्दल बोलताना मला राहून राहून 1901 च्या सुमारासचा एक प्रवास आठवतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी तो लिहिला आहे. वडील रामजी खटाव तालुक्यात खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून सरकार तिथे तलाव खोदत होतं. त्यांना भेटायला निघालेली मुलं मसूर स्टेशनला उतरली. जात कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. दुप्पट भाडं देऊन आणि स्वतः बैल हाकून जावं लागलं. सोबत जेवण होतं, पण प्यायला पाणी मिळालं नाही, रात्र उपाशी गेली. बाप तलावाच्या कामाच्या पगाराचा हिशेब ठेवतोय आणि त्याच तालुक्याच्या वाटेवर त्याच्या लेकरांना घोटभर पाणी नाही. ते मसूर आमच्या माधवनगरच्याच पुणे-मिरज मार्गावर आहे. मी कराडच्या पुढे जाताना गाडी तिथे थांबते, आणि मी प्रत्येक वेळी बाटलीतलं पाणी पिते. मुद्दाम.

मित्रांनो, पाटण, जावळी, शिराळ्याकडून उठलेले आपले म्हातारे-म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांना गावाचं नाव, वाड्यातली घरं, कुणाला काय मिळालं ते विचारा आणि लिहून ठेवा. सरकारी यादीत जे नाही, ते आपल्या यादीत तरी असू दे. आज्जीच्या माहेरच्या वाड्यातली चौदा घरं माझ्या वहीत आली आहेत. त्यातल्या पाच घरांचा पत्ता अजून लागलेला नाही. वरळी आणि कुर्ल्यात चौकशी चालू आहे.

जय भीम.