चार बोटांचे अंतर

दादरच्या एका जुन्या चाळीत राहणाऱ्या त्या वृद्ध गृहस्थांपाशी एक शालेय नकाशासंग्रह आहे. त्यातील मुंबईशी हाताची कड टेकवून ते वायव्येकडे बोटे मांडतात. चौथ्या बोटाशी कराची येते. नागपूर तीन बोटांवर, दिल्ली पाच. आकड्यांत सांगायचे तर मुंबई ते कराची हे हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर. दिल्लीपेक्षा अडीचशेहून अधिक किलोमीटरांनी कमी.

सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला त्या १९३६ सालचा, कराचीतलाच, त्यांचा जन्म. त्याआधी चार वर्षे, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका चिमुकल्या पस मॉथ विमानातून निघाले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले, ते विमानात ओतले गेले आणि दुपारी विमान जुहूला उतरले. बैलगाडीसाठी थांबणारे विमान! वडिलांनी शेकडो वेळा सांगितलेली ही हकिकत मुलाला तोंडपाठ होती. १९४७ साली मात्र हे कुटुंब बोटीने आले. डेकवर काढलेल्या दोन रात्री, उलट्यांचा वास आणि पाण्यात पडलेली एक चप्पल एवढेच त्यांना आठवते.

नारायण जगन्नाथ विद्यालयातला बाकावरचा सोबती, एक पारशी मुलगा, तिथेच राहिला. पत्रे येत-जात राहिली. युद्धांच्या काळात खंडली, पुन्हा सुरू झाली. कराचीहून मुंबईला थेट विमान होते तेव्हा दीड-पावणेदोन तासांचा प्रवास. घड्याळातला अर्ध्या तासाचा फरक धरला, तर मुंबईहून निघालेला माणूस तिथल्या घड्याळाप्रमाणे तासा-सव्वा तासात पोहोचे. ‘चहा टाकून ठेव’ असे त्यांनी एका पत्रात लिहिलेही होते.

गेले मात्र नाहीत. एका वर्षी मुलीचे लग्न, एका वर्षी गुडघा, एकदा व्हिसाचे कागद भरूनही पाठवायचे राहिले. दूरच्या काशीची यात्रा माणूस वर्षभर आधी ठरवतो. हाकेच्या अंतरावरचे गाव ‘जाऊ केव्हाही’ म्हणून राहून जाते. त्यांना कोणी अडवले नव्हते, हेच त्यांना अधिक सलते.

२०१७ साली ती थेट सेवा बंद पडली. त्यानंतर जायचे तर दुबईमार्गे: मुंबईहून दुबई एकोणीसशे किलोमीटर, तिथून कराची आणखी बाराशे. आठशे पंचाहत्तरचे एकतीसशे झाले आणि दोन तासांना सारा दिवस लागू लागला. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाशही बंद केले. नकाशावरची बोटे तेवढी चारच राहिली.

त्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे मित्राचा नातू होता. आवाज इतका स्पष्ट, की शेजारच्या खोलीतून कोणी बोलावे. आजोबा दुपारी चार वाजता गेले, त्याने सांगितले. गृहस्थांनी ‘बरं’ म्हटले, फोन ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. तिथले चार, म्हणजे इथले साडेचार. त्या वेळी ते खाली दुधाची पिशवी आणायला गेले होते.